एक लाख तीन वाती

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत फुकट वाटलेली ही डायरी आज पह्यल्यांदा उघडली. आतापर्यंत तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. लिहायची सवय नाही. दहावी दोनदा अन् बारावी अर्धी, एवढंच आपलं शिक्षण. पण आज बोलायले कोणी नाही.

ज्याच्यासंगं बोलतो तो अक्षय नागपूरच्या दवाखान्यात पडला हाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नेरवरून येताना कपाशीतून घोड्याएवढी रोही, म्हणजे नीलगाय, निघाली अन् सरळ गाडीपुढं. रोही उठून पळाली. अक्षय उठला नाही. डोक्याले मार हाय, बेशुद्ध हाय. डॉक्टर म्हणते, वाट पाहा.

तिथं एकालेच थांबू देते म्हणून त्याचे बाबा, वामनकाका, थांबले. विमलकाकू, म्हणजे अक्षयची आई, तिथंच चक्कर येऊन पडली त तिले घरी धाडलं. त्यायचं घर आमच्या भिंतीले लागून हाय. आईनं संध्याकाळी भाकरी नेऊन देल्ली. सकाळी पाह्यलं त तशीच होती.

दारव्ह्यात मोबाईलच्या दुकानात गेलो होतो कामाले. तिघायचे फोन चुकून भलत्याच भाषेत सेट करून देल्ले. एरवी लय हसलो असतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी काकूच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया जमल्या. काकूनं ठरवलं का अक्षयसाठी त्रिपुरी पौर्णिमेले महादेवापुढं लाखवाती जाळायच्या. म्हणजे कापसाच्या लाखभर वाती हातानं वळायच्या, तुपात भिजवायच्या अन् एकदम पेटवायच्या. एकटीचं काम नाही ते, म्हणून अख्खी गल्ली बसते.

नियम सांगाले सरूआजी. लग्न असो, मयत असो, नियम आजीजवळ असते. आजी म्हणे, "वळणारी सवाष्ण पाहिजे. साऱ्यायचा वाटा सारखा पाहिजे, एकीचा कमी एकीचा जास्त झाला का नवसाले भेग पडते. अन् आकड्याच्या शेवटी शून्य नको वं बाई."

आई कापूस घेऊन गेलती. सरकी काढून, पिंजून, पार ढगावाणी केलता तिनं. गल्लीत आईसारखी वात कोणाची होत नाही. बसली कोपऱ्यात. आजी म्हणे, "दीपमाला, तू नको बसू. वाईट नको मानू. पोराच्या जीवाचं काम हाय."

बाबाले जाऊन चार वर्षं झाले.

विमलकाकू खाली मान घालून कापूस निवडत होती. एक शब्द बोलली नाही. आई अन् काकू एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गल्लीत आल्या. अक्षयले अन् मले दोघींनी मिळून वाढवलं, कोणाच्या घरी जेवलो हे कोणी विचारत नव्हतं. अन् काकू कापूस निवडत होती.

आईनं कापूस तिथंच ठेवला. "बरं हाय आजी," म्हणे, अन् घरी येऊन भांडे घासले. घासलेलेच भांडे.

मले काही वाटलं नाही. आपण बायाईच्या गोष्टीत पडत नाही.

मंग आजीनं मलेच हाक मारली. "बबल्या, तुह्या मोबाईलवर वाटे पाड. आमी दहा जणी."

म्या म्हणलं, "लाखाचे दहा हजार होते. पण शेवटी शून्य येते ना आजी. एक लाख एक घ्या. एका महाराजानं व्हिडिओत सांगतलं, लाख आपले, वरचा एक देवाचा."

कोणता महाराज? माह्या डोक्यातला. पण मी मोबाईलकडं पाहून बोललो त साऱ्यायच्या माना हलल्या.

आता खरं लिहितो. शाळेतली एकच गोष्ट माह्या ध्यानात राह्यली, अकराची. आकड्यातले एक सोडून एक अंक घेऊन बेरीज करायची, मंग उरलेल्यायची करायची. दोन्ही बेरजा सारख्या आल्या का अकराचा भाग जाते. याच्यावर पैजा लावून मी लय आलुबोंडे खाल्ले. पोट्ट्याईले म्हणायचं, कोणताही चार अंकी आकडा लिही, त्याच्या बाजूले तोच उलटा लिही. ४२७१ लिहिला त ४२७११७२४. न पाहता सांगतो अकराचा भाग जाते, लावतं का आलुबोंडा? जातेच.

एक लाख एक. १००००१. उलटा लिहा नाहीतर सुलटा, तोच. अकराचा भाग जाते, ९०९१ येते. दोनाचा जात नाही, तीनाचा नाही, पाचाचा नाही, दहाचा त नाहीच. वीसपर्यंत पाह्यलं, फक्त अकरा.

गल्लीत सवाष्णी दहा. अकरावी आई.

मज्या पाहू, एवढंच.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज कोजागिरी. दूध कोणाच्याच घरी आटवलं नाही. ओट्यावर भांडण झालं.

दहा-दहा हजार वाटले अन् वर एक वात उरली. खेमसिंगभाऊची बायको म्हणे, "मी वळते ना, एका वातीनं का हात दुखते?"

आजी म्हणे, "मंग तुह्या वाटा जास्त झाला का नाही?"

"त तुमी वळा."

"म्हणजे माह्या जास्त होईन."

"मंग काय वातीचे दहा तुकडे करता?"

म्या मधात तोंड घातलं. "अकरा जणी बसल्या त बरोब्बर ९०९१ येते. एकही उरत नाही. नाहीतर नऊ हजार एक्क्याण्णव बाया बोलवा, एकेकीनं अकरा वळायच्या."

हसल्या. काकूही जराशी हसली, किती दिवसानं. मंग तिनं मान वर केली अन् आमच्या दाराकडं पाह्यलं. म्या पाह्यलं तिले पाहताना. दार उघडं होतं, आई आत तांदूळ निवडत होती.

आजीनंही पाह्यलं. लगेच म्हणे, "अकरावी मी आणते. माही नातसून पुसदले हाय, सलोनी. आजच फोन लावते."

काकूनं मान खाली घातली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सलोनी आली. नखं एवढी लांब का तिच्यानं मिरची तुटणार नाही, वात काय वळते. दिवसभरात सत्तर वळल्या अन् त्याचा व्हिडिओ काढला. पण सवाष्ण हाय.

काकू उद्या हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणार हाय. अजून एक रात्र बाकी हाय. दुकानात दिवसभर आकडे लावून पाह्यले. एक लाख दोनाचा दोनाचा भाग जाते, तीनाचा जाते, साताचाही जाते, काही कामाचा नाही. मंग एक लाख तीन लावला. दोनापासून चाळीसपर्यंत सारे लावले. एकाचाही भाग जात नाही. दगड हाय आकडा.

सलोनीले अकरा नाही अन् आजीले दहा नाही. बसा मंग.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काकू न्हाऊन पाटावर बसली होती. म्या पळत गेलो, मोबाईल हातात. "काकू, थांबा, महाराजाचा नवा व्हिडिओ आला. पेशंट बेशुद्ध असन त लाखावर तीन पाहिजे. एक श्वासाची, एक डोळ्याची, एक वाचेची."

मले वाटलं कोणीतरी म्हणीन, दाखव व्हिडिओ. आतापर्यंत या गल्लीत माह्या कोणत्याच गोष्टीवर कोणी भरोसा ठेवला नाही. पण काकूचे डोळे भरून आले. "श्वासाची, डोळ्याची, वाचेची," असं हळू म्हणे, अन् कोणी काही म्हणायच्या आत हातावर पाणी घेतलं. "महादेवा, एक लाख तीन वाती जाळीन." पाणी सोडलं.

मंग वाटे पाडाले बसल्या. अकरा, नाही. दहा, नाही. सलोनीले काढा, सुनाईले आणा, बारा, तेरा, सोळा. सलोनीनं तिच्या मोबाईलवर केलं, म्या माह्या. काहीच बसेना. मले आतून हसू येत होतं.

आजीनं हातातली वात खाली ठेवली. मंग म्हणे, "जो आकडा कोणालेच वाटू देत नाही, तो एकीचाच असते. विमल, देवानं तुह्या एकटीकडूनच मांगलं बाई."

एक एक बाई उठली. जाता जाता आपापल्या वळलेल्या वातीही घेऊन गेल्या, कारण त्या आता हिशोबात नव्हत्या. ओटा रिकामा झाला. काकूनं सारा कापूस दोन्ही हातानं आपल्याजवळ ओढला अन् पह्यली वात वळली.

मले वाटलं नव्हतं असं होईन. मले वाटलं होतं भांडतीन, मंग थकतीन, मंग नियमच सोडतीन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काकू उजाडायच्या आधी बसते अन् दिवे लागले तरी तिथंच असते. अंगठ्याचं कातडं गेलं. चिंधी बांधून वळते त वात जाड होते, मंग चिंधी काढून टाकते. बीपीची गोळी कधी घेते कधी नाही. नागपूरवरून वामनकाकांचा फोन येते, "तसाच हाय," एवढंच.

सकाळी जीपमधे सुरभी बाजूले बसली होती. अक्षयची बहीण, बी.एस्सी.ले हाय. दारव्हा आलं तवा म्हणे, "बबलूदादा, एक लाख तीन हा आकडा तू कुठून आणला?"

"व्हिडिओतून."

"मूळ संख्या हाय ती. एकाचा अन् तिचा स्वतःचा सोडून कोणाचाच भाग जात नाही. सहा अंकातली सर्वात लहान. एवढ्या आकड्यातून नेमकी तीच सापडली त्या महाराजाले?"

म्या म्हणलं, "मी त चाळीसपर्यंतच पाह्यलं. पुढं कोणाचा जात असन."

"नाही जात. तीनशे सोळापर्यंत पाहावं लागते, पुढं नाही. आकडा दोन भागात फुटला त एक भाग तरी तीनशे सतराहून लहान निघालाच पाहिजे. म्या काल कॉलेजात बसून सारे लावले." अन् मंग तिच्या ध्यानात आलं. "चाळीसपर्यंत पाह्यलं म्हणजे? पाह्यलं काहून तू?"

म्या भाड्याचे पैसे काढाले खिशात हात घातला.

"माही आई मरून राह्यली तिथं," सुरभी म्हणे, अन् उतरली. माह्यं भाडंही तिनंच देल्लं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज जाऊन काकूले सारं सांगतलं. महाराज नाही, व्हिडिओ नाही, आकडा माह्या मोबाईलवरचा. वाती सोड काकू, वाटून वळा, नाहीतर नका वळू.

काकू वात वळता वळता म्हणे, "तुले माही दया आली रे बबल्या. चांगला पोरगा हाय तू. पण असं खोटं नको बोलू देवाच्या कामात."

"काकू, खोटं त आधी बोललो होतो!"

"बरं बरं. जा, जेवून घे."

जिंदगीभर गल्लीले फसवलं. आज पह्यल्यांदा खरं बोललो त कोणी घ्यायले तयार नाही. अन् पाणी त सोडून झालं, ते हातात परत कसं येईन?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारीच घरी आलो, दुकानात मन लागेना. आई आतल्या खोलीत भिंतीले टेकून बसली होती अन् वाती वळत होती. मांडीवर कापूस, बाजूले गव्हाचा डबा. डब्यात गहू नाही. काठोकाठ वाती.

"हे कवापासून?"

"त्या दिवशी ओट्यावरून आली तवापासून."

"किती झाल्या?"

"मोजल्या नाही. हे कोणाच्या हिशोबात थोडीच हाय."

मंग म्या आईलेही सांगतलं. अकराचं सांगतलं, लाख तीनाचं सांगतलं. वाटलं, आई तरी म्हणीन का पोरानं माह्यासाठी केलं. तसं मी म्हणलोही. "तुले उठवलं त्यायनं. म्हणून."

आईनं हातातली वात पुरी वळली, डब्यात ठेवली, अन् मंग माह्या कानाखाली मारली. मी वीस वर्षांचा हाय.

"मले कोणी उठवलं नाही. मी उठली. अन् विमलच्या हाताचं कातडं गेलं ते कोणासाठी, माह्यासाठी? मले विचारलं होतं तू?"

पुन्हा कापूस घेतला. ही वातही बारीकच झाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज धनतेरस. मोठं लिहायचं हाय.

सकाळपासून एकच डोक्यात. आकडा वाटता येत नाही, बरोबर. पण वाटायले सांगतलं कोणी? काकूनं संकल्पात काय म्हणलं? "एक लाख तीन वाती जाळीन." "वळीन" म्हणलंच नाही. वाटा नाही म्हणलं, सारखा नाही म्हणलं. भागाकार आजीनं काढला, अन् म्या त्यात आकडा घातला. भाग कोणत्याच आकड्याचा जात नसन, बेरीज त होते ना! दोन अन् पाच अन् सातशे, टाकत राहा एकाच ढिगात. कोणत्या आकड्याची बेरीज होत नाही?

आईले सांगतलं. आई म्हणे, "तुह्या आकड्यायनं आजवर काय भलं केलं?" अन् वळत राह्यली.

तेवढ्यात सुरभी धावत आली. "काकू, चला ना. आई जागची उठत नाही. डावा हात सुन्न पडला म्हणते अन् उजव्यानं वळूनच राह्यली."

आई उठली. डबा कमरेवर घेतला, जसा दळण घेऊन जाते तसा, अन् भर दुपारची गल्लीतून गेली. साऱ्या दारातून बाया पाहत होत्या. सरूआजी आपल्या ओट्यावर होती, ती उठून मांगं मांगं आली.

विमलकाकूनं आईले पाह्यलं अन् पह्यली गोष्ट हेच म्हणे, "दीपा, तू जा. तू नको येऊ इथं."

मले वाटलं आता आई परत येते.

काकू म्हणे, "त्या दिवशी माह्यं तोंड उघडलं असतं त म्या तुले बसवलंच असतं. म्हणून नाही उघडलं. उद्या पोराचं काही कमी-जास्त झालं त या बाया तुले खातीन."

आई म्हणे, "खाऊ दे. तू किती दिवसाची जेवली नाही, कोणीतरी खाल्लं पाहिजे."

काकू हसली अन् रडली, दोन्ही एकदमच. आईनं तिचा डावा हात मांडीवर घेऊन चोळला. तेल लावलं. सुरभीनं भात आणला, आईनं घास भरवले.

आजी काकूच्या ओट्याच्या खालूनच म्हणे, "विमल, विचार कर. संकल्पाच्या वाती हाय."

काकूनं आईचा डबा उचलला. एका हातानं उचलेना, म्या खालून धरला. पुरा डबा आपल्या ढिगावर उलटा केला. मंग दोन्ही हात कोपरापर्यंत घालून ढीग कालवला, पिठावाणी, वरचं खाली, खालचं वर.

"आजी, या. यातली माही कोणती अन् तिची कोणती, काढून द्या."

आजी आली नाही. बाकी बायाही आल्या नाही. पण संध्याकाळपर्यंत आई अन् काकू अन् सुरभी तिघी वळत होत्या, अन् सुरभीचं त लग्नही झालं नाही.

म्या महाराजाचं खरं खोटं पुन्हा काढलं नाही. बेरजेचं सांगायची गरजच पडली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

अक्षय गेला. पाडव्याच्या सकाळी.

२६ ऑक्टोबर, रविवार

लिहावं वाटत नाही, पण डोक्यात एकच घुमते म्हणून लिहितो. मी आकडा नसता बदलला त? अकरा जणी बसल्या असत्या, सलोनीच्या नखाच्या वाती असत्या, सारं नियमानं झालं असतं. मंग उठला असता का अक्षय? डोकं म्हणते, वातीनं डोक्याचा मार कसा बरा होईन. पण मंग छातीत हे काय हाय?

गल्लीत बोलून राह्यले. नळावर मी गेलो का चूप होते. एकदा ऐकू आलंच. "विधवेचा हात लागला, मंग काय होईन." आईलेही ऐकू आलं असन. ती हंडा भरते अन् येते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज काकूच्या घरी बाया बसायले आलत्या. आई स्वयंपाकघरात होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून रोज आपल्या घरून करून नेते. सरूआजी खालच्या आवाजात कोणालेतरी म्हणे, पण आजीचा खालचा आवाज वेशीपर्यंत जाते, "म्या त आधीच म्हणलं होतं. सवाष्णीचं काम होतं."

मी दारात होतो. माह्या तोंडून निघूनच गेलं. "आजी, आकडा म्या बनवला. महाराज नव्हताच. आईले काही नका म्हणू, म्हणायचं त मले म्हणा."

वामनकाका मान वर करून पाहाले लागले. आजीच्या तोंडाचं बोळकं तसंच उघडं.

काकू भिंतीले टेकून होती. डोळे बंदच ठेवून म्हणे, "सुरभीनं सांगतलं मले ते. कवाचंच." म्हणजे ढीग कालवला तवा तिले माहीत होतं का, का नंतर कळलं, हे विचारायची माही हिंमत झाली नाही.

मंग तिनं डोळे उघडले. "बबल्याच्या आकड्यानं माह्यं पोरगं गेलं नाही आजी. कोणाच्या हातानंही गेलं नाही. रस्त्यावर रोही आडवी आली. तिले कोणी सांगतलं होतं सवाष्ण हाय का विधवा?"

आतून आईनं विचारलं, "वामनभाऊ, भात वाढू का?" अन् वामनकाका उठले.

१ नोव्हेंबर, शनिवार

सुरभीसंगं वावरापर्यंत चालत गेलो. कपाशी फुटली हाय, वेचायले माणसं नाही. म्या विचारलं, "त्या आकड्याचा राग येते का तुले?"

"आकड्याचा काहून येईन? तो काय वाईट नाही. त्याले तोडता येत नाही, एवढंच."

"अन् माह्या?"

"तुह्या येते," सुरभी म्हणे. मंग बरंच पुढं गेल्यावर, "पण कोणाजवळ दादाविषयी बोलावं त तूच हायस."

मंग आम्ही दोघं त्याच्याविषयीच बोललो. तिले माहीत नसलेल्या लय गोष्टी होत्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज त्रिपुरी पौर्णिमा. तेरवी परवा झाली. साऱ्यायले वाटलं, आता कायच्या लाखवाती. संध्याकाळी काकूनं मले हाक मारली, "बबल्या, मोठी कढई घे. महादेवाले चाल."

आई मांगं थांबली होती. काकू म्हणे, "चाल ना दीपा."

वाती पोत्यात भरून म्या डोक्यावर घेतल्या. वजन काहीच नाही. शंभराच्या जुड्या बांधलेल्या काही होत्या, बाकी मोकळ्या. माह्या अंदाजानं तीसएक हजार असतीन. लाख कुठी अन् तीन कुठी.

देवळात गल्लीतल्या साऱ्या बाया आपापले दिवे घेऊन होत्या. आजी म्हणे, या वेळी हळूच, "विमल, अपुऱ्या हाय ना वं या."

काकू म्हणे, "माह्यं पोरगंही अपुरंच गेलं."

कढईत वाती ओतल्या, वरून तूप. काकूनं मोजायले सांगतलं नाही, म्या मोजल्या नाही. मी काड्याची पेटी काकूपुढं केली त ती म्हणे, "तिले दे."

आईनं हात मांगं घेतला. देवळात एवढ्या बाया, साऱ्या पाहून राह्यल्या. काकूनं आईचा हात धरला, काडी तिच्या बोटात देल्ली, अन् दोघींनी मिळून ओढली. पह्यली विझली. दुसरी पेटली.

आधी कडेकडेनं धरलं. मंग एकदम मधातून जाळ उठला, माणसाएवढा. बाया मांगं सरकल्या. तेवढ्यात माह्या शर्टाले कोणीतरी ओढलं. सरूआजी. पदराखालून एक जुडी काढली, त्या दिवशी घरी नेलेली, अन् माह्या हातात कोंबली. "टाकून दे त्यात," म्हणे. अन् माह्याकडं न पाहता आपला दिवा घेऊन दुसरीकडं गेली.

म्या टाकली.

लय वेळ जळत होतं. बाया घरी गेल्या, पुजाऱ्यानं घंटा बांधून ठेवली, सुरभी पायरीवर बसली. आई अन् काकू कढईजवळ बसल्या होत्या, खांद्याले खांदा लावून. म्या विचारलं, "चालायचं का घरी?"

काकू म्हणे, "थांब. जळू दे पुरं."

मंग मीही बसलो.